कॉम्प्युटरला 'बायोस' दिला गॅरी किल्डॉलने, पण लोकांच्या लक्षात राहिली फक्त त्याची विमानवारी

लॅपटॉपवर विंडोज आहे. मित्राचं ऐकून शेजारीच लिनक्स टाकलं. आठ दिवस सगळं सुरळीत चाललं. नवव्या दिवशी बटण दाबलं, तर समोर काळी स्क्रीन. विंडोज येत नाही आणि लिनक्सही येत नाही. घाबरून चार जणांना फोन केले, तर चौघांचा सल्ला एकच. बायोसमध्ये जा आणि बूट ऑर्डर बघ.

मग एफ२ दाब, डिलीट दाब, पुन्हा रिस्टार्ट कर, असं करत कशीबशी ती जुनाट दिसणारी स्क्रीन उघडते आणि त्यात आपण आपली विंडोज शोधत बसतो.

एका मशीनमध्ये दोन सिस्टिम म्हणजे एका घरात दोन बिऱ्हाडं. दोघांचा संसार वेगळा, पण घराचं दार एकच. दार आधी कोण उघडणार, यावरून सगळी भांडणं होतात. आता दारातच उभा असलेला हा 'बायोस' नावाचा प्रकार आला कुठून?

हा शब्द दिला गॅरी किल्डॉल नावाच्या अमेरिकन माणसाने. विंडोजमध्ये आजही दिसणारा सी ड्राइव्ह ज्या पद्धतीतून आला, तीही छोट्या कॉम्प्युटरवर त्यानेच रुजवली. एकेकाळी जगातल्या बहुतेक छोट्या कॉम्प्युटरवर त्याचीच ऑपरेटिंग सिस्टिम चालायची. पण आज त्याचं नाव निघतं ते एकाच किश्श्यासाठी. आयबीएमचे लोक दारात आले होते आणि हा गडी विमान उडवायला गेला होता.

हा किस्सा अर्धवट आहे. आणि उरलेला अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

खलाशांच्या शाळेतला पोरगा

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटल शहरातला. सिएटल म्हणजे बंदराचं गाव. किल्डॉल कुटुंबाची तिथे जहाजावरच्या लोकांना नौकानयन शिकवणारी शाळा होती. समुद्रात आपण नेमके कुठे आहोत, हे गणिताने कसं काढायचं, हे तिथे शिकवलं जायचं.

गॅरीनेही ठरवलं होतं गणिताचा शिक्षक व्हायचं. त्यासाठी तो युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये गेला. तिथे त्याची गाठ पडली कॉम्प्युटरशी. तेव्हाचे कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्रं. एकट्या माणसाला असं मशीन हाताळायला मिळणं मुश्कील. पण गॅरीला त्याचा नाद लागला तो लागलाच. दरम्यान १९६३ साली डोरोथी मॅकएवनशी त्याचं लग्न झालं. या गोष्टीत डोरोथी पुन्हा येणार आहे.

तो काळ व्हिएतनाम युद्धाचा. तरुण पोरांना सैन्याचं बोलावणं येत होतं. गॅरी नौदलात गेला, पण त्याची रवानगी युद्धावर न होता कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर महाविद्यालयात झाली, शिक्षक म्हणून. पुढे १९७२ साली त्याने कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडीही मिळवली.

म्हणजे शिक्षक व्हायचं स्वप्न पूर्ण झालं होतं. तेवढ्यात बाजारात आली एक चिप.

घरामागच्या शेडमध्ये काय चाललं होतं?

१९७१ साली इंटेलने ४००४ ही चिप आणली. कॉम्प्युटरचा मेंदू नखाएवढ्या तुकड्यात मावला होता. पण तिचं मोठ्ठं काहीतरी होईल, असं खुद्द इंटेलमध्येही फार कुणाला वाटत नव्हतं. ट्रॅफिक सिग्नल, कॅल्क्युलेटर, यंत्रांवरचं नियंत्रण, असे तिचे उपयोग डोक्यात होते.

गॅरीने मात्र या चिपसाठी प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. चिप हातात नसतानाही तिचा प्रोग्रॅम मोठ्या कॉम्प्युटरवर तपासता येईल, असा सिम्युलेटर त्याने तयार केला. मग तो इंटेलकडे सल्लागार म्हणून जाऊ लागला. तिथे त्याने पीएल/एम ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार करून दिली.

पण एक अडचण होती. छोट्या मशीनवर माहिती साठवायची कशी? तेव्हा कागदी पट्टीवर छिद्रं पाडून प्रोग्रॅम साठवले जायचे. ते वाचायला प्रचंड वेळ लागायचा. फ्लॉपी डिस्क नवीनच आली होती. गॅरीने शुगार्ट कंपनीकडून एक वापरलेला फ्लॉपी ड्राइव्ह मिळवला. पण ड्राइव्ह आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलणार कसे? त्यासाठी लागणारं सर्किट बनवून दिलं त्याच्या विद्यापीठातल्या मित्राने, जॉन टोरोडने.

आता हार्डवेअर तयार होतं. त्यावर फाइल लिहिणं, वाचणं, शोधणं हे सगळं सांभाळणारा प्रोग्रॅम हवा होता. तो गॅरीने लिहिला. माँटेरेजवळच्या पॅसिफिक ग्रोव्ह गावात, घरामागच्या शेडमध्ये बसून. १९७४ साली तो प्रोग्रॅम पहिल्यांदा चालला. नाव ठेवलं सीपी/एम.

गॅरीने तो आधी इंटेललाच देऊ केला. इंटेलने पीएल/एम ठेवून घेतली आणि सीपी/एम नाकारला.

मग गॅरी आणि डोरोथीने स्वतःच कंपनी काढली. नाव होतं इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. इतकं लांबलचक नाव का, तर नुसतं डिजिटल रिसर्च हे नाव दुसऱ्या कुणाकडे होतं. पुढे ते मोकळं झालं आणि नवरा-बायकोची कंपनी डिजिटल रिसर्च म्हणून ओळखली जाऊ लागली. तांत्रिक बाजू गॅरीची, धंद्याची बाजू डोरोथीची.

आणि मग आला बायोस

आता येतो तो मुद्दा, ज्यामुळे आज तुमच्या लॅपटॉपवर दोन सिस्टिम राहू शकतात.

१९७० च्या दशकाच्या मधल्या काळात छोटे कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या. प्रत्येकाचं मशीन वेगळं. कुणाचा कीबोर्ड वेगळा, कुणाचा डिस्क ड्राइव्ह वेगळा, कुणाचा स्क्रीन वेगळा. एका मशीनसाठी लिहिलेली सिस्टिम दुसऱ्यावर चालायची नाही. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकासाठी सगळा प्रोग्रॅम पुन्हा उसवायचा आणि पुन्हा शिवायचा.

इमसाय नावाच्या कंपनीला आपल्या मशीनसाठी सीपी/एम हवा होता. पुन्हा तेच काम करायचा गॅरीला कंटाळा आला होता. म्हणून त्याने एक युक्ती केली. मशीननुसार जेवढा भाग बदलतो, तेवढा उचलून वेगळा काढला. कीबोर्डवरून अक्षर घेणं, स्क्रीनवर अक्षर दाखवणं, डिस्कचा ठराविक तुकडा वाचणं, एवढीच कामं त्या भागात ठेवली. त्याला नाव दिलं बेसिक इनपुट आउटपुट सिस्टिम. थोडक्यात, बायोस.

उरलेली सिस्टिम सगळ्या मशीनवर सारखीच. नवं मशीन आलं की फक्त बायोस नव्याने लिहायचा. बायोस म्हणजे दुभाषा समजा. वरच्या सिस्टिमला खालचं मशीन कोणतं आहे, हे कळायची गरजच नाही. ती दुभाष्याला सांगणार आणि दुभाषा मशीनकडून काम करून घेणार.

सीपी/एमच्या २.२ आवृत्तीत या दुभाष्याकडे एकूण १७ कामांची यादी होती. त्यातलं पहिलंच काम होतं बूट, म्हणजे मशीन थंड असताना सिस्टिम सुरू करणं. दुसरं होतं वॉर्म बूट, म्हणजे चालू मशीनमध्ये सिस्टिम पुन्हा ताजी करणं.

याचा परिणाम काय झाला? मशीन कुणाचंही असो, त्यावर सीपी/एम बसवता येऊ लागला. आणि सीपी/एमसाठी लिहिलेला प्रोग्रॅम कुठल्याही कंपनीच्या मशीनवर चालू लागला. टायपिंगसाठी वर्डस्टार, हिशेब आणि नोंदींसाठी डीबेस, अशी सॉफ्टवेअर घराघरांत आणि ऑफिसांत पोचली ती याच पायावर. पुढे सीपी/एम चालणाऱ्या मॉडेल्सची संख्या ३ हजारांवर गेल्याचं सांगितलं जातं.

ड्राइव्हला ए, बी अशी अक्षरं देणं, फाइलच्या नावाला आठ अक्षरं आणि पुढे टिंब देऊन तीन अक्षरं, या सवयी छोट्या कॉम्प्युटरला सीपी/एमने लावल्या. ए आणि बी फ्लॉपीला गेले, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आला. फ्लॉपी गेली, तरी आपला सी ड्राइव्ह आहे तिथेच आहे.

तो दिवस, ज्याची अजून चर्चा होते

१९८० साल. आयबीएम तेव्हा कॉम्प्युटरच्या धंद्यातला सगळ्यात मोठा मासा. त्यांनी गुपचूप एक छोटा कॉम्प्युटर बनवायला घेतला होता आणि त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती.

आयबीएमचे लोक आधी गेले मायक्रोसॉफ्टकडे. का? तर मायक्रोसॉफ्ट तेव्हा अ‍ॅपल-२ मध्ये बसवायचं सॉफ्टकार्ड विकायची. हे कार्ड बसवलं की एकाच अ‍ॅपलवर अ‍ॅपलची सिस्टिमही चालायची आणि सीपी/एमही. जी फ्लॉपी घालाल, ती सिस्टिम सुरू. आजच्या भाषेत सांगायचं तर ड्युअल-बूटच. त्यामुळे सीपी/एम मायक्रोसॉफ्टचीच आहे, असा आयबीएमचा समज झाला होता. बिल गेट्सने त्यांना सांगितलं की मालक दुसरा आहे, आणि गॅरीचा पत्ता दिला.

आयबीएमची माणसं पॅसिफिक ग्रोव्हला पोचली तेव्हा गॅरी ऑफिसात नव्हता. तो स्वतःचं विमान घेऊन ओकलंडकडे गेला होता. लोकांनी याची गोष्ट केली ती अशी, की आयबीएम दारात उभी आणि हा मजेत आकाशात घिरट्या घालतोय.

खरं तर तो बिल गॉडबाउट नावाच्या ग्राहकाकडे कामासाठी गेला होता. आणि कंपन्यांशी करार करायचं काम तसंही डोरोथीच बघायची. त्यामुळे पाहुण्यांना ती भेटली, यात वेगळं काही नव्हतं.

अडलं ते एका कागदावर. आयबीएमने बोलणी सुरू करण्याआधीच गुप्ततेचा करार पुढे केला. तो इतका एकतर्फी होता, की डोरोथीने वकिलाचा सल्ला घेतला आणि लगेच सही करायला नकार दिला. गॅरीच्या सांगण्यानुसार तो दुपारी परतला आणि चर्चेत सामील झाला. आयबीएमच्या एका अधिकाऱ्याला मात्र त्याची भेट झाल्याचं आठवत नव्हतं. त्या दुपारबद्दल तिथे हजर असलेल्यांच्याही आठवणी जुळत नाहीत.

पण मूळ भांडण भेटीचं नव्हतंच, पैशाच्या पद्धतीचं होतं. आयबीएमला एकरकमी पैसे देऊन सिस्टिम घ्यायची होती आणि तिचं नावही बदलायचं होतं. गॅरीला दर प्रतीमागे रॉयल्टी हवी होती, कारण बाकी सगळ्या कंपन्यांना तो तशीच सिस्टिम देत होता. एका गिऱ्हाइकाला वेगळा न्याय दिला, तर बाकीचे कसे थांबणार?

बोलणी फिसकटली आणि आयबीएम पुन्हा गेट्सकडे गेली.

दुसरी फ्लॉपी

सिएटलमध्येच एक छोटी कंपनी होती, सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स. इंटेलच्या नव्या ८०८६ चिपवर चालणारं मशीन त्यांनी बनवलं होतं, पण त्यासाठीची सीपी/एम यायला उशीर होत होता. वाट बघून कंटाळलेल्या टिम पॅटरसनने १९८० मध्ये स्वतःच एक सिस्टिम लिहिली. सीपी/एमचे जुने प्रोग्रॅम तिच्यावर सहज आणता यावेत, म्हणून बाहेरून तिची ठेवण सीपी/एमसारखीच ठेवली.

मायक्रोसॉफ्टने डिसेंबर १९८० मध्ये २५ हजार डॉलर देऊन तिचा परवाना घेतला आणि जुलै १९८१ मध्ये आणखी ५० हजार डॉलर देऊन ती विकतच घेतली. आयबीएमला ती पीसी-डॉस म्हणून दिली. पण करारात एक पाचर मारून ठेवली. हीच सिस्टिम एमएस-डॉस नावाने इतर कंपन्यांना विकायचा हक्क मायक्रोसॉफ्टकडेच राहिला.

डॉस बघून गॅरी भडकला. आपल्या सिस्टिमची रचना उचलली, असं त्याचं म्हणणं होतं. पॅटरसनचं म्हणणं असं, की कोड आपण स्वतः लिहिला, फक्त माहितीपुस्तिकेत छापलेली पद्धत पाळली. सॉफ्टवेअरची रचना कुणाच्या मालकीची, याबद्दल तेव्हा कायदा स्पष्ट नव्हता. गॅरी आयबीएमशी बोलला आणि तोडगा निघाला. आयबीएम सीपी/एमसुद्धा विकणार आणि गॅरी कोर्टात जाणार नाही.

आयबीएम पीसी १२ ऑगस्ट १९८१ ला जाहीर झाला. आणि इथे गंमत बघा. या मशीनसोबत सिस्टिम सक्तीची नव्हती. ए ड्राइव्हमध्ये जी फ्लॉपी घालाल, ती सिस्टिम सुरू व्हायची. काहीच घातलं नाही, तर मशीनच्या पोटात कायमची बसवलेली बेसिक भाषा सुरू व्हायची. आणि मशीन सुरू होताच सगळ्यात आधी धावायचा तो चिपमध्ये कोरलेला प्रोग्रॅम. आयबीएमने त्याला नाव दिलं होतं बायोस. शब्द गॅरीचाच होता, पण मशीन आता दुसऱ्याच्या हातात होतं.

गॅरीला वाटलं, ठीक आहे, लोकांना निवडू द्या. चांगली सिस्टिम आपोआप जिंकेल.

मग आयबीएमची किंमतयादी आली. पीसी-डॉसची किंमत ४० डॉलर. सीपी/एम-८६ ची किंमत २४० डॉलर. वर सीपी/एम-८६ बाजारात आली तीच काही महिने उशिरा, १९८२ मध्ये. सहापट पैसे मोजून उशिरा आलेली फ्लॉपी कोण घेणार? आपली फसवणूक झाली, ही भावना गॅरीच्या मनातून पुढे कधीच गेली नाही.

१९८३ मध्ये हार्ड डिस्क असलेला पीसी आला तेव्हा एक सोय झाली. एका डिस्कचे चार भाग पाडायचे, प्रत्येकात वेगळी सिस्टिम ठेवायची आणि ज्या भागावर 'सक्रिय' अशी खूण, तो सुरू होणार. एका घरात चार बिऱ्हाडांची सोय झाली. पण तोवर बहुतेक घरांत एकच बिऱ्हाड नांदत होतं, डॉसचं.

हरल्यावर गॅरी काय करत होता?

गोष्ट सांगणारे बहुतेक जण १९८१ ला थांबतात. जणू त्यानंतर गॅरी आयुष्यभर हळहळत बसला.

तसं नव्हतं. त्याच्या कंपनीने एकाच वेळी अनेक कामं चालवणाऱ्या सिस्टिम आणल्या. १९८५ मध्ये माउसने चालणारं, चित्रांचं जेम हे सॉफ्टवेअर आणलं. त्याच वर्षी गॅरीच्या दुसऱ्या कंपनीच्या मदतीने ग्रोलियरचा अख्खा ज्ञानकोश एका सीडीवर आला. कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या टीव्ही कार्यक्रमात तो १९८३ पासून अनेक वर्षं सहसूत्रधार होता. समोरच्याला मशीन समजावून सांगायची शिक्षकी सवय तिथे दिसायची. शांत आवाज आणि चेहऱ्यावर हसू.

घरात मात्र पडझड झाली होती. १९८३ मध्ये डोरोथी आणि तो वेगळे झाले.

१९८८ मध्ये डिजिटल रिसर्चने पुन्हा मुसंडी मारली. डीआर-डॉस आणली. एमएस-डॉसचे प्रोग्रॅम तिच्यावर चालायचे, आणि वर एमएस-डॉसमध्ये नसलेल्या सोयीही होत्या. लोकांना ती आवडली. मायक्रोसॉफ्टला पहिल्यांदाच डॉसच्या मैदानात तगडा प्रतिस्पर्धी मिळाला.

आणि मग घडला स्टार्टअपचा एक विचित्र बिघाड. विंडोज तेव्हा डॉसच्या वर चालायची. विंडोज ३.१ ची चाचणी आवृत्ती डीआर-डॉसवर सुरू केली, की एरर दिसायची. वापरणाऱ्याला वाटायचं, डीआर-डॉसमध्येच खोट आहे. पुढे काही प्रोग्रॅमर खोलात गेले, तेव्हा कळलं की विंडोजमध्ये मुद्दाम लपवून ठेवलेला एक तुकडा आहे. खालची डॉस मायक्रोसॉफ्टची आहे की नाही, हे तो तपासतो आणि नसेल तर एरर दाखवतो. बाजारात आलेल्या अंतिम आवृत्तीत हा तुकडा होता, पण बंद करून ठेवलेला.

डीआर-डॉस पुढे कॅल्डेरा कंपनीकडे गेली. तिने १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, तो जानेवारी २००० मध्ये तडजोडीने मिटला. मायक्रोसॉफ्टने २८ कोटी डॉलर दिल्याचं नंतर उघड झालं.

पण हे बघायला गॅरी नव्हता.

शेवट

१९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नोव्हेल कंपनीला विकली गेली. पैसा भरपूर आला. गाड्या होत्या, विमानं होती. पण एक सल काही जात नव्हता.

१९९२ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या कॉम्प्युटर सायन्स विभागाला २५ वर्षं झाली. गॅरी याच विभागाचा पीएचडी. त्याला आमंत्रण होतं प्रेक्षकांत बसायचं. आणि मुख्य भाषण कुणाचं? हार्वर्ड अर्धवट सोडलेल्या बिल गेट्सचं. हे गॅरीला फार लागलं. त्याने आपल्या आठवणी लिहून काढल्या, पण पुस्तक छापलं नाही. जवळच्या लोकांना प्रती वाटल्या. त्यातला काही भाग कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने २०१६ मध्ये लोकांसमोर आणला, तोही कुटुंबाच्या परवानगीने.

भेटेल तो माणूस तोच प्रश्न विचारायचा. त्या दिवशी तू खरंच विमान उडवत होतास का? गॅरी दारूच्या आहारी गेला.

८ जुलै १९९४ ला माँटेरेतल्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार बसला. तिथे नेमकं काय घडलं, हे कधीच स्पष्ट झालं नाही. तीन दिवसांनी, ११ जुलैला, तो गेला. वय होतं ५२.

तुमच्या काळ्या स्क्रीनचं काय?

आता परत येऊ आपल्या लॅपटॉपकडे. जुन्या बायोसची जागा आता यूईएफआयने घेतली आहे, पण लोक अजूनही बायोसच म्हणतात. आणि बिघाड शोधायची पद्धतही गॅरीच्या रचनेसारखीच आहे. खाली मशीन, मध्ये दुभाषा, वर सिस्टिम. अडलंय कुठल्या मजल्यावर, हे आधी ठरवायचं.

कंपनीचा लोगोसुद्धा दिसत नसेल, तर विंडोज आणि लिनक्स दोघंही निर्दोष आहेत. बिघाड चार्जिंग, रॅम किंवा हार्डवेअरमध्ये शोधा.

लोगो दिसतो, पण निवडीचा मेन्यू न येता थेट विंडोज सुरू होते? मग लिनक्स उडालेलं नाही. बहुतेक वेळा अपडेटनंतर विंडोजचा क्रमांक पहिला लागलेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये लिनक्सचं नाव वर आणलं की काम होतं.

ग्रब रेस्क्यू असं लिहिलेली काळी स्क्रीन आली, तर मेन्यू दाखवणाऱ्या ग्रबला स्वतःच्याच फाइल्स सापडत नाहीयेत. विंडोजमधून लिनक्सचं पार्टिशन उडवल्यावर हे हमखास होतं. लिनक्स ठेवायचं असेल, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून ग्रब पुन्हा बसवता येतं. नको असेल, तर बूट ऑर्डरमध्ये विंडोज वर आणा.

मेन्यू येतो, पण एकच सिस्टिम अडते? मग दोष वरच्या मजल्यावर, त्या सिस्टिममध्ये. विंडोजचा फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर ती पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. तिच्या पार्टिशनला लिनक्समधून हात लावायला गेलं की गडबड होते. ड्युअल-बूट असेल, तर तो बंद ठेवलेला बरा. आणि सिक्युअर बूट बदलण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती मागितली गेली आणि नसली, तर डेटा गेला समजा.

आणि फॉरमॅट मारायचा मोह झाला, तर थांबा. सिस्टिम सुरू होत नाही म्हणजे फाइल्स गेल्या, असं नसतं. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून बहुतेक वेळा त्या बाहेर काढता येतात.

प्रत्येक वेळी चूक तुमचीच असते, असंही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजचं एक सुरक्षा अपडेट आलं आणि अनेक ड्युअल-बूट मशीनवर लिनक्स सुरू व्हायचंच थांबलं. ड्युअल-बूट मशीन ओळखून तिथे ही तपासणी लावायची नाही, असं ठरलेलं होतं. पण काही मशीन ओळखलीच गेली नाहीत. डीआर-डॉसच्या वेळी ते मुद्दाम केलेलं होतं, इथे चूक होती. पण दोन्ही वेळा दारात अडकला तो दुसरा बिऱ्हाडकरूच.

पॅसिफिक ग्रोव्हमध्ये लाइटहाउस अ‍ॅव्हेन्यूवर ८०१ नंबरचं एक जुनं घर आहे. तिथे कधीकाळी डिजिटल रिसर्चचं ऑफिस होतं. एप्रिल २०१४ मध्ये त्या घरासमोर आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने फलक बसवला. १९७४ मध्ये या गावात गॅरी किल्डॉलने सीपी/एम चालवून दाखवली, याची त्यावर नोंद आहे.

विमानाचा त्यावर उल्लेख नाही.